रुग्ण च.

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१९ सप्टेंबर १९७८

प्रा. जिनपाल बिरनाळे यांस,

नमस्कार लिहीत नाही, उगाच गैरसमज नको. मी पुणं सोडून आल्यापासून दरवर्षी पर्युषण संपलं की तुमचं छापील क्षमावणीचं कार्ड येतं. पहिली चार मी बंबात घातली. पाचवं काल आलं. ते ठेवलं आहे, कारण या वेळी छापील मजकुराखाली हातानं लिहिलेल्या चार ओळी आहेत.

आधी छापील मजकुराबद्दल. 'मन, वचन, कायेने, जाणते-अजाणतेपणी आपणांस दुखावले असल्यास उत्तम क्षमा असावी.' तुमच्या पुस्तकाप्रमाणे मन म्हणजे मेंदू नावाचा पदार्थ आणि त्यातून धावणारी वीज, दुसरं काही नाही. म्हणजे मन ही कायाच झाली. मग कार्डावर दोन्ही वेगवेगळी कशाला छापता, प्रोफेसर? आणि 'अजाणतेपणी' हा शब्द मी शाईनं खोडला आहे.

आता हाताच्या ओळी. डाव्या हातानं लिहिलंत हे दिसतंच. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, तुमच्या बहीण अक्काताई वन्सं तुमच्याकडे येऊन राहिल्या आहेत. हे सगळं कळलं. पुढं लिहिलंय, 'राजुल हे नाव आक्का सांगते. पण नावापुढे काही येत नाही. आपली मुलगी कशी होती, ते लिही.'

मी हसले. खोटं कशाला लिहू? मोठ्यानं हसले. मी बादशहाभाईंच्या दुकानात मोटारींचं वाइंडिंग करते, तिथं बसले होते. बादशहाभाई म्हणाले, "काय ओ बाई, लॉटरी लागली जनू?" मी म्हटलं, व्हय, लागली.

मला विचारता ती कशी होती? मला? तुम्ही विसरलात म्हणता, म्हणून सांगते. चौसष्टच्या सप्टेंबरात, ऐन पर्युषणात, राजुल घटसर्पानं गेली. चार वर्षांची होती. त्यानंतर दोन महिने मी म्हणे येईल-जाईल त्याला टांग्याचं सांगत सुटले, म्हणून तुम्ही मला दवाखान्यात घातलंत आणि डोक्याला नऊ वेळा वीज लावून घेतलीत. बाहेर आले तेव्हा ती चारही वर्षं कोरी झाली होती. माझ्या पोटावर वण होते आणि ते कशाचे, हे मला दुसऱ्यांनी सांगावं लागलं.

आणि ते सांगणारे तुम्ही होतात. तुम्ही सांगितलंत की टांगा दारात आला होता आणि तो मी परत पाठवला. म्हणे मी म्हटलं, दिवस मावळला, आता लेकीच्या तोंडात औषधाचा थेंब घालायचा नाही, माझं व्रत आहे, उद्या बघू. सूर्यास्तानंतर न खाण्याचं व्रत माझं होतंच. त्यामुळं मला ते पटलं. दहा वर्षं मी ते माझंच पाप म्हणून वागवलं. माझे बाबा, तवनाप्पा, जयसिंगपूरला चौऱ्याहत्तरमध्ये गेले. जाताना मला म्हणाले, "पोरी, चूक माझी. मी तुला धर्म शिकवला, लेकराला व्रत नसतंय हे शिकवायचं राहिलं." त्यांनी शेवटची दहा वर्षं बस्तीच्या देवळाची पायरी चढली नव्हती.

बाबांचं सुतक फिटल्यावर मी इथं, पुण्याला जायच्या आधीच्या आपल्या दोन खोल्या बघायला आले. बांगडीवाल्या खैरुनबी भेटल्या. टांगा त्यांच्या मालकांचा, गैबीचाचांचा. त्या सहज बोलून गेल्या, "दुपारचा टाइम हुता की. तू पोरीला पटकुरात गुंडाळून टांग्यात बसलीयास, आन् परफेसरनी तुला हाताला धरून उतरवली. माझं भाषान हाय, उद्या बगू म्हनलं. ह्येंनी टांगा वळवला न्हवं." भाषण कशावर होतं ते मला तुमच्या कात्रणांच्या वहीतून माहीत आहे. मन ही ऊर्जा आहे, यावर.

राजुल कशी होती हे हवं असेल, तर आधी टांगा कुणी परत पाठवला ते तुमच्या हातानं लिहून पाठवा. छापील नको.

चंदना

१२ नोव्हेंबर १९७८

प्रा. बिरनाळे यांस,

तुमचं उत्तर मिळालं. 'टांगा तू परत पाठवलास. दिवस मावळला म्हणालीस. मला स्पष्ट आठवते. तरी तुझ्यावर माझा राग नाही.'

मी कागद फाडला. मग तुकडे जुळवले, कारण मागच्या बाजूला वन्संनी लिहिलं होतं. त्या म्हणतात, जिनपाल लबाडी करत नाही. राजुलची शपथ घेतो. झटक्यात त्याचं बरंचसं गेलं आणि जे राहिलं त्यात हेच आहे. रोज संध्याकाळी दिवस मावळला की रडतो आणि म्हणतो, बिचारी चंदना, तिचा काय दोष, तिचं व्रत होतं.

बिचारी! तुम्ही माझी कीव करता!

चार वर्षं मी तुमच्या तोंडावर काय काय फेकायचं ते जमवत होते. राजुलच्या नावानं, बाबांच्या नावानं. आणि आता बघते तर समोर माणूसच नाही. खोटं सांगणारा मेला आणि खोटं तेवढं जिवंत राहिलं. दहा वर्षं तुम्ही ते इतक्यांदा सांगितलंत की तेच पक्कं झालं, आणि खरं एकदाच घडलं होतं, ते पुसलं गेलं. मी कुणावर सूड उगवू?

तुमचं आणि बाबांचं भांडण आठवतं का? नसेलच. ते मला आठवतं, कारण ते लग्नाच्या वर्षातलं आहे, विजेनं तिथपर्यंत हात घातला नाही. तुम्ही म्हणालात, मामा, मन म्हणजे पदार्थ आणि ऊर्जा, बाकी सगळ्या गप्पा. तुम्हाला वाटलं म्हातारा चिडेल. बाबा म्हणाले, "व्हय की. आमचं शास्त्र बी तेच सांगतंय. द्रव्यमन पुद्गलाचंच, म्हंजी पदार्थाचंच हाय, धुरळ्यासारखं. पर त्यो धुरळा हाय हे बघतंय कोन, तेवढं सांगा." तुम्ही हसलात. मीही तुमच्या बाजूनं हसले, नवी नवरी होते.

आता तुमच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण. ते मी वाचनालयात उभ्यानं वाचलं, शहात्तरमध्ये. 'रुग्ण च. हिची चार वर्षांची स्मृती उपचारांनंतर नष्ट झाली. त्या जागी नातेवाइकाने सांगितलेला वृत्तांत तिने स्वतःची आठवण म्हणून स्वीकारला. सबब स्मृती हा पदार्थाचा धर्म असून ती पुसता व पुन्हा लिहिता येते.' नातेवाईक! तो वृत्तांत खोटा होता हे लिहायला मात्र विसरलात. की तेही प्रयोगात धरलं होतं?

वीज मला तुमच्यापेक्षा जास्त कळते. तुम्हाला फळ्यावरची कळते, मला हाताची. जळालेली मोटार आली की मी जुनी तार उपसायच्या आधी वेढे मोजते. न मोजता उपसली, तर नव्या तारेचे किती वेढे घालायचे हे कुणाला ठाऊक? माझे वेढे कुणी मोजले होते?

तर मी ठरवलं आहे. स्मृती पुन्हा लिहिता येते ना? लिहू या. वन्सं, हे तुमच्यासाठी. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर फक्त आठ ओळी आहेत: दुपारची वेळ, गैबीचाचांचा टांगा, मी आत बसलेली, राजुल मांडीवर, तिचा घुरघुरणारा श्वास, तुमच्या भावानं धरलेला माझा हात, 'उद्या बघू', आणि वळलेला टांगा. रोज सकाळी देवपूजेनंतर हा कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. एक दिवस चुकवू नका. तुम्हाला भावाची दया येईल. येऊ दे, पण वाचा. तुम्हीही दहा वर्षं मला तिरक्या नजरेनं बघितलंत, त्याबद्दल एवढं कराच.

चंदना

२५ फेब्रुवारी १९७९

प्रा. बिरनाळे यांस,

वन्संचं पत्र आलं. तीन महिने वाचलं म्हणतात, एक दिवस चुकवला नाही. आणि तुम्ही आता झोपेतून उठून ओरडता, 'टांगा मी परत पाठवला.' जेवत नाही. आरशात बघत नाही. सोबत तुमचंही अक्षर आहे. 'टांगा मी परत पाठवला. तू मांडीवर राजुलला घेऊन बसली होतीस. मी तुझा हात धरून उतरवले.'

याचीच मी वाट बघत होते. पोस्टमननं पाकीट दिलं. उघडलं, वाचलं, आणि काहीच झालं नाही. कारण ती माझीच वाक्यं होती. 'मांडीवर', 'हात धरून', शब्दन् शब्द माझ्या कागदातला. मीच लिहिलं आणि मलाच परत आलं. हा काय कबुलीजबाब म्हणायचा? पोपटाला शिकवलं असतं तरी तो बोलला असता.

म्हणजे तुमचं सातवं प्रकरण खरं ठरलं. तुमच्यावरच खरं ठरलं, यात थोडी मजा आहे, पण पोट भरत नाही.

माझे बाबा रागाचे चार प्रकार सांगायचे. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीतली भेग आणि दगडातली भेग. पहिले तीन आपोआप मिटतात. चौथा मिटत नाही आणि जन्मोजन्मी चिकटून राहतो, म्हणून वर्षातून एकदा तरी क्षमा मागायची आणि करायची. माझा चौथा आहे. राग चिकट असतो, कर्माचा धुरळा त्यावर बसतो, हे मला पाठ आहे. बसू दे.

तुम्ही विचारलं होतं, राजुल कशी होती. चला, सांगते. शब्द दिला होता, तो पाळते.

चार वर्षं मी एक वही करते आहे. पेठेत ज्यांनी ज्यांनी तिला पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन बसले आणि विचारलं. शेजारच्या धोंडुबाई, भाजीच्या झुंबरबाई, खैरुनबी. स्वतःच्या लेकीची चौकशी करत दारोदार फिरायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. झुंबरबाई म्हणाल्या, गुळाचा खडा दिला की आधी दुसऱ्याला चाटायला द्यायची आणि मग स्वतः खायची. धोंडुबाई म्हणाल्या, डाव्या कानामागं तीळ होता आणि तो बघायला मागितला की एका आण्याची कागदी टोपी मागायची. टांग्याच्या घोड्याला ती मामा म्हणायची. खैरुनबी बांगड्या भरायच्या तेव्हा ती रडायची नाही, पण एक फुटली की तिचे तुकडे पुरायला हट्टानं परसात जायची. अशा एकतीस गोष्टी आहेत. फोटो काढायला नेलं तेव्हा ती हलली, त्यामुळं तुमच्याकडच्या एकुलत्या एका फोटोत तोंडाच्या जागी पांढरा डाग आहे. तेव्हा जे आहे ते या वहीतच.

वहीची नक्कल सोबत पाठवते आहे. वन्सं रोज एक वाचतील.

फक्त एक सांगायचं आहे. या एकतीसांतली एक गोष्ट खोटी आहे. मी बसून रचली आहे. कुठली, ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. तुम्हाला एखादी आवडेल, डोळ्यांपुढं आणावीशी वाटेल, आणि तेवढ्यात मनात येईल, हीच तर नव्हे? मग दुसरी धराल, तिथंही तेच. आपलं लेकरू आठवायचं आणि आठवण आपली की कुणी घुसवलेली, हे कधीच कळायचं नाही. मी दहा वर्षं जे केलं, ते आता तुम्ही करा.

क्षमावणीचं कार्ड पाठवायचे कष्ट घेऊ नका.

चंदना

१० सप्टेंबर १९७९

अहो,

हा शब्द बघून चकित होऊ नका. सवयीनं आला, आणि खोडायला आज हात धजत नाही.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. कार्ड नाही, पत्र. तेरा ओळी लिहायला तुम्हाला चार दिवस लागले, असं वन्संनी खाली लिहिलं आहे. त्यातल्या काही ओळी मी इथं उतरून काढते, म्हणजे तुम्ही लिहिलं ते तुमच्या ध्यानात राहील.

'एकतीसांतली खोटी कुठली, मला ओळखता येत नाही. सगळ्याच दुसऱ्याच्या मुलीच्या वाटतात. आक्का वाचते, मी ऐकतो. पण सत्ताविसावी वाचली आणि ती मला दिसली. निळ्या परकरात, उंबऱ्यावर, पाठमोरी. चिंचोके सहा-सात. त्यातला एक मी फरशीवर घासून पांढरा करून दिला होता. त्याला ती पावणं म्हणायची. त्याला ओळीत सगळ्यांत शेवटी ठेवायची आणि म्हणायची, पावणं, बसा की.'

सत्ताविसावी गोष्ट मी वहीत अशी लिहिली आहे: 'दुपारी उंबऱ्यावर चिंचोके ओळीनं मांडून त्यांना नावं द्यायची.' एवढंच. काढून बघा. पांढऱ्या चिंचोक्याचं अक्षर नाही, पावण्याचं नाही.

आणि खोटी होती ती हीच.

मी दुकानात स्टार्टरची कॉइल गुंडाळत होते तेव्हा रचली. तुमच्यावरच्या रागात रचली. काय लिहावं म्हणून डोळे मिटले, तर उंबरा आला, चिंचोके आले. ओळीच्या टोकाला एक पांढराही दिसला. मला वाटलं, खोटं काय झकास जमलंय! पांढरा लिहिला नाही, कारण जास्त सजवलं तर तुम्ही पकडाल.

तुमचं पत्र हातात घेऊन मी तशीच खैरुनबींकडे गेले. विचारलं, चिंचोक्यांचं तुम्ही कधी मला सांगितलंत का? त्या म्हणाल्या, "न्हाई बया. मला कसं ठावं आसंल? आमी येनार, बांगड्या भरनार, जानार. दुपारी घरात तुमीच तिघं." धोंडुबाईंनाही विचारलं, झुंबरबाईंनाही. कुणालाच माहीत नाही. म्हणजे हे मला कुणी सांगितलेलं नाही. ते माझंच होतं. नऊ वेळा वीज लावून, दहा वर्षं खोटं भरून, ते तिथंच बसून होतं, आणि मी त्याला खोटं म्हणून बाहेर काढलं.

ते कुठं होतं, प्रोफेसर? तुम्ही म्हणता त्या पदार्थातच कुठल्या तरी कोपऱ्यात, की बाबा म्हणायचे त्या बघणाऱ्याकडे? मला माहीत नाही. बाबा असते तर नाव सांगितलं असतं. पण तुमचं सातवं प्रकरण चुकलं, एवढं मला नक्की कळतं. तुमच्या प्रकाशकाला पत्र लिहा, वन्संकडून लिहून घ्या आणि खाली डाव्या हातानं सही करा. लिहा, की नातेवाइकाने सांगितलेला वृत्तांत खोटा होता, तो नातेवाईक मी आहे, आणि रुग्ण च. हिला आठवलं. नवीन आवृत्तीत हे आलं पाहिजे. त्याची प्रत मी बस्तीत बाबांच्या नावानं ठेवणार आहे. हे मी मागत नाही, सांगते आहे.

क्षमा केलेली नाही. टांग्याबद्दल नाही, बाबांबद्दल नाही, विजेबद्दल तर मुळीच नाही. ती भेग दगडातलीच आहे आणि मी ती घेऊनच मरणार आहे.

पण तुम्ही आधी मरू नका. तुमच्या मरणासाठी मी किती वर्षं बस्तीत उभी राहून नको ते मागितलं, ते तुम्हाला सांगायला आज लाज वाटते. आता वन्संना म्हणावं, औषध वेळेवर द्या, दिवस मावळला तरी द्या. फिरायला न्या. डाव्या हाताला लिहायची सवय राहू दे. कारण त्या उंबऱ्यावरचं माहीत असलेली माणसं जगात दोनच उरली आहेत, आणि त्यातला एक तुम्ही आहात. दुसरा कुणी असता तर मी तुम्हाला विचारलं नसतं.

'पावणं, बसा की' हे वाचलं आणि मला तिचा आवाज आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. जरा घोगरा आहे, नाही? 'की' लांबवते. काल दिवसभर मी कामात तेवढंच ऐकत होते. पावणं, बसा की. पावणं, बसा की. पुढचं येत नाही. ती थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

बसा म्हटल्यावर ती त्या पावण्याला पुढं काय म्हणायची? तुम्हाला आठवेल. आठवा. मी रचणार नाही, तुम्हीही रचू नका. येईल तेवढंच लिहा, एक शब्द आला तर एक शब्द, आणि त्याच दिवशी पोस्टात टाका.

चंदना